किटली, डबा, बरणी : घरातलं प्लास्टिक कमी करण्याची कोल्हापुरी वाट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली होती. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. पूर उतरल्यावर मी घाटाकडं गेले, तर काठच्या झाडांना माझ्या डोक्याच्याही वर पिशव्या लोंबत होत्या. कॅरीबॅगा, चकचकीत पुडे आणि दुधाच्या पिशव्या. जयंती नाला, दुधाळी नाला आपल्या पेठांच्या मागून वाहत शेवटी नदीलाच मिळतात, त्यामुळं त्या फांद्यांवर आमच्याही घरातली एखादी पिशवी असणार हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. त्या दिवसापासून आम्ही घरात काय काय बदललं, कुठं अडलो आणि काय टिकलं ते या लेखात सांगते. चार माणसांचं घर, पेठेतली जुनी जागा, मागं छोटी पडवी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं जमतं.

सुरुवातीलाच माझा अनुभव सांगते. निम्म्याहून जास्त काम दुकानाच्या काउंटरवर होतं. पिशवी एकदा घरात आली की ती धुणं, वाळवणं, कुणाला तरी देणं ही सगळी निस्तरण्याची कामं उरतात. म्हणून खालचा क्रमही तसाच लावला आहे. आधी काय येतं ते पाहायचं, मग ते दारातच कसं थांबवायचं ते बघायचं, आणि उरलेल्याची सोय शेवटी.

पहिला आठवडा : फक्त साठवा आणि मोजा

घरातलं एक रिकामं पोतं मागच्या पडवीत किंवा गॅलरीत अडकवा. सात दिवस प्लास्टिकचा एकही तुकडा बाहेर टाकायचा नाही. खरकटं किंवा तेलकट असेल तर विसळून, झटकून पोत्यात टाकायचं. दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, टूथपेस्टची नळी, हारातल्या फुलांवरचा प्लास्टिकचा कागद, सगळं त्यात जाऊ दे. या आठवड्यात खरेदीची सवय मुद्दाम बदलू नका, नाहीतर खरं चित्र दिसणार नाही.

रविवारी सकाळी पोतं गच्चीवर ओता आणि ढीग करा : दुधाच्या पिशव्या, किराणाच्या पिशव्या, भाजी-मटणाच्या कॅरीबॅगा, चकचकीत पुडे, बाटल्या आणि डबे, आणि किरकोळ. वजन करण्यापेक्षा नग मोजा. प्लास्टिक हलकं असतं, काट्यावर ते काहीच वाटत नाही. आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा.

आमच्याकडं रोज दोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांतून यायचं. म्हणजे आठवड्याला २८ पिशव्या, वर्षाला १४६०. सगळ्यात मोठा ढीग तोच होता. त्याआधी मी बांबूचे ब्रश आणि कागदी स्ट्रॉ शोधत बसले होते. मोजल्यावर कळलं की आमच्या घरचं खरं प्रकरण दूध आणि मटणाच्या पिशव्यांचं आहे. तुमच्या घरी कदाचित मुलांच्या खाऊचे पुडे निघतील, कदाचित पाण्याच्या बाटल्या. जो ढीग मोठा, तिथूनच सुरुवात करा.

दूध

कोल्हापूरकरांच्या हातात इथं एक गोष्ट आहे, जी बऱ्याच शहरांत उरलेली नाही. गंगावेशीतला दूधकट्टा अजून आहे. म्हैस समोर उभी असते आणि धार तुमच्यासमोर काढली जाते. ज्यांना जवळ आहे त्यांनी स्टीलची किटली घेऊन जावं. ज्यांना लांब पडतं त्यांनी गल्लीत गवळी येतो का ते विचारावं. उपनगरांतसुद्धा गवळी येतात, फक्त त्यांना सांगावं लागतं.

किटली घेताना दोन गोष्टी पाहा. झाकण घट्ट बसणारं हवं आणि तोंड एवढं रुंद हवं की आत हात घालून घासता येईल. अरुंद तोंडाच्या किटलीच्या गळ्याशी साय चिकटून राहते, वास धरते, आणि मग दूध नासलं की दोष दुधाला जातो. माझ्याकडं सुरुवातीला हेच झालं. महिन्यात तीनदा दूध नासल्यावर घरातले म्हणाले, पिशवीच बरी. किटली बदलली, रिकामी झाल्यावर आधी गार पाण्यानं आणि मग गरम पाण्यानं धुवायला लागले, उन्हात पालथी घालायला लागले, त्यानंतर तक्रार आली नाही. कच्चं दूध घरी आणलं की लगेच तापवायचं, उन्हाळ्यात तर तासभरही ठेवायचं नाही.

सुटं दूध शक्य नसेल तर अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्यांऐवजी एक लिटरची एक घ्या. तेवढ्याच दुधाला प्लास्टिक कमी लागतं. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. एका बाजूनं चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकत राहू दे. तो नखाएवढा त्रिकोणी तुकडा कुणीही वेचत नाही. तो मोरीतून गटारात आणि तिथून नाल्यात जातो. कापायचा हात बदलायला चार दिवस लागतात, खर्च काहीच नाही.

रिकाम्या पिशवीत वाटीभर पाणी घालून हलवा. ते पाणी कणकेत किंवा कुंडीत घाला, पिशवी उलटी करून दोरीला चिमट्यानं लावा. वाळलेल्या पिशव्या एकात एक घडी करून ठेवल्या की शंभर पिशव्या एका छोट्या डब्यात मावतात. दुधाची पिशवी चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकची असते, भंगारवाले ती वजनावर घेतात. मात्र ती स्वच्छ आणि कोरडी हवी. आंबूस वासाची, ओली पिशवी ते बाजूला टाकतात.

पिशव्या शिवा, पण आधी त्यांच्या जागा ठरवा

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून दंडाची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये. तरीही मंडईत पिशवी मिळते, कारण आपण मागतो. भाजीवाली मावशी ती स्वतःच्या पैशानं विकत आणते. एकदा मी पिशवी पुढं केली तेव्हा ती म्हणाली, “बरं केलासा ताई, रोज शंभर-दीडशे रुपय जात्यात ह्या प्लास्टिकच्या कागदापायी.” त्यानंतर मला पिशवी पुढं करायला कधी संकोच वाटला नाही.

कापडी पिशवी विकत घेऊ नका. नवं कापूस-कापड तयार व्हायला पाणी आणि वीज भरपूर लागते, आणि घरात जुन्या सुती साड्या, चादरी, धोतरं पडलेलीच असतात. एका सुती साडीत मोठ्या आठ-दहा पिशव्या सहज बसतात. मोठी पिशवी दीड फूट बाय सव्वा फूट पुरते. बंद खांद्यावर अडकेल एवढा लांब ठेवा आणि जोडाशी फुलीचा टाका घाला, नाहीतर बटाट्याच्या वजनानं तिथूनच उसवते. त्याच साडीतून भाजीसाठी सहा-सात लहान थैल्या शिवा, वीतभर रुंद आणि दोन वीत लांब, तोंडाला नाडी. टोमॅटो, वांगी, भेंडी एकत्र आलं की घरी निवडत बसावं लागतं, म्हणून लोक वेगवेगळ्या कॅरीबॅगा मागतात. लहान थैल्यांनी ती अडचणच राहत नाही.

कापडासारखी दिसणारी पण ठिपक्यांची दाबलेली नक्षी असलेली पिशवी, जी लग्नात आणि कापडदुकानात देतात, ती कापड नव्हे. ती प्लास्टिकच आहे. वर्षभरात तिचा भुगा होतो आणि तो भुगा वेचता येत नाही. घरात असलेल्या वापरून संपवा, नवीन घेऊ नका.

शिवलेल्या पिशव्या घरात विसरल्या तर उपयोग शून्य, आणि विसरल्या जातातच. आम्ही जागा ठरवल्या. दोन गाडीच्या डिकीत, एक दाराच्या कडीला, एक यजमानांच्या ऑफिसच्या बॅगेत, एक माझ्या पर्समध्ये घडी करून. नियम असा केला की पिशवी रिकामी केल्यावर तिच्या जागेवर गेल्याशिवाय चप्पल काढलेल्या माणसानं चहा मागायचा नाही. महिन्याभरात सवय झाली.

मटण, मासे आणि रस्सा

या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या गावात बुधवार-रविवार चुकत नाहीत आणि या पिशव्यांचं पुढं काहीच होत नाही. रक्त लागलेली, दुहेरी बांधलेली काळी पिशवी कुणी धूत नाही. ती कचऱ्यात जाते, कुत्री ती फाडतात, गायी चघळतात. काळ्या पिशव्या बहुधा आधीच कितीतरी वेळा वितळवलेल्या मालाच्या असतात, त्या पुन्हा कुणी घेत नाही. अन्न ठेवायला तर त्या मुळीच योग्य नाहीत.

मटणासाठी खटक्याचं झाकण असलेला स्टीलचा डबा घ्या. किलोभर मटणाला तीन लिटरचा पुरतो. दुकानात पोचल्या पोचल्या, तुकडे पडायच्या आधी डबा द्या. तुकडे पिशवीत भरून झाल्यावर डबा पुढं केला तर ती पिशवी तिथंच टाकली जाते आणि आपला हेतू वाया जातो. माझं बोलणं ठरलेलं आहे : “मामा, आधी डबा काट्यावर ठेवा, शून्य करा, मग मटण घाला.” इलेक्ट्रॉनिक काट्यावर डब्याचं वजन एका बटणानं वजा होतं. पहिल्या वेळेला मामा थोडे थबकले. तिसऱ्या वेळेला मी रांगेत दिसल्यावर हातच पुढं केला. आता त्या दुकानात डबा घेऊन येणारे आणखी काही लोक दिसतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रांगेत उभं राहून पाहिलं, एवढंच.

घरी आल्यावर डबा आधी गार पाण्यानंच धुवा. गरम पाणी घातलं की रक्त आणि माशाचा चिकटा भांड्याला धरून बसतो आणि वास मुरतो. गार पाण्यानं निघाल्यावर कोरडं बेसन किंवा चिंचेचा चोथा चोळायचा आणि मग साबण. माशासाठी वेगळा डबा ठेवला तर उत्तम. त्याच्या झाकणावर खिळ्यानं खूण करून ठेवा.

आता रस्सा. पाहुणे आले की तांबडा-पांढरा बाहेरून आणणं हे इथं नेहमीचं, आणि तो उकळता रस्सा पातळ पिशवीत, वर रबर लावून मिळतो. गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमध्ये भरू नये, कारण उष्णतेनं आणि तेलानं प्लास्टिकमधली रसायनं अन्नात उतरायला मदत होते. मिसळीच्या कटाचंही तेच. यासाठी दोन किटल्या ठेवा, तांबड्याला एक आणि पांढऱ्याला एक. तांबड्याचा रंग आणि वास पांढऱ्यात उतरला की पांढऱ्याची मजा गेली. किटली पाऊण भरून घ्यायची. काठोकाठ भरलेली किटली गाडीवर सांडते आणि पुढच्या वेळी कुणी ती न्यायला तयार होत नाही. झाकणाखाली केळीच्या पानाचा तुकडा ठेवला की तोंड घट्ट बसतं. गाडीच्या हुकाला अडकवू नका, दोन पायांच्या मध्ये पिशवीत उभी ठेवा. फोनवर ऑर्डर देताना “भांडं घेऊन येतोय, पिशवीत भरू नका” हे आधीच सांगा, नाहीतर तुम्ही पोचेपर्यंत पार्सल बांधून तयार असतं.

वडा-भजी वर्तमानपत्रात घेणं हा यावरचा उपाय नाही. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही अन्न वर्तमानपत्रात बांधू नये असं सांगितलं आहे. डबाच न्या. आणि टपरीवरचा कागदी कप आतून प्लास्टिकच्या पातळ थरानं मढवलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की असा कप गरम चहासह १५ मिनिटं राहिला तर १०० मिलीमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. काचेच्या ग्लासात चहा देणारी टपरी निवडा. कोल्हापुरात त्या अजून भरपूर आहेत.

किराणा, तेल आणि वर्षाची चटणी

लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात गहू, तांदूळ, डाळ, कडधान्य अजून सुटं मिळतं. आपल्या आज्या उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवत, तेव्हा घरात पोतं आणि पिंपच होतं. वर्षाचं नको असेल तर तीन महिन्यांचं भरा. किलो-किलोच्या बारा पिशव्यांऐवजी एक गोणपाटी पोतं येतं.

लोकांची अडचण किडीची असते आणि ती खरी आहे, कारण आपला पावसाळा दमट आणि लांब असतो. आमचे पहिल्या वर्षी आठ किलो गहू सोंड्यांनी खाल्ले. चूक माझी होती. गहू पुरेसं ऊन न देता पिंपात भरले होते. आता एप्रिल-मेमध्ये दोन दिवस कडक ऊन देते, गच्चीवर पूर्ण गार होऊ देते (गरम धान्य भरलं तर आत घाम धरतो), मग कोरड्या पिंपात कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरानं घालून भरते. तूर, हरभरा, मूग यांना किलोला साधारण चमचाभर एरंडेल तळहातानं चोळून लावायचं. झाकण घट्ट, आणि पिंप फरशीवर न ठेवता पाटावर. पावसाळ्यात ओल्या हातानं पिंपात हात घालायचा नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा.

तेलाची पाऊच सगळ्यात वाईट. ती कितीही धुतली तरी तेलकट राहते आणि बऱ्याच थरांची असते, त्यामुळं भंगारात जात नाही. दोन पर्याय आहेत. १५ किलोचा पत्र्याचा डबा दोन-तीन घरांनी मिळून घ्या. रिकामा डबा लगेच विकला जातो. किंवा लाकडी घाण्यावर आपले शेंगदाणे देऊन तेल गाळून घ्या. लिटरभर तेलाला सुमारे अडीच किलो शेंगदाणे लागतात, आणि पेंड जनावरांना उपयोगी पडते. हे महाग पडतं, ते खरंच आहे. आम्ही सगळं तेल घाण्याचं घेत नाही. रोजच्या फोडणीला घाण्याचं आणि सणाच्या तळणाला डब्यातलं. घाण्याचं तेल स्टीलच्या बरणीत, अंधारात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.

चटणी मात्र आपल्याकडं कधी प्लास्टिकमध्ये नव्हतीच, आता आली आहे. उन्हाळ्यात रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी मिरची घेऊन, डेखं काढून, वाळवून डंकावर कुटून आणायची. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची, मध्ये हिंगाचे खडे, वर मिठाचा थर, तोंडाला सुती फडकं बांधायचं. डंकावर जाताना स्टीलचे डबे न्या. तिथं गरम चटणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून द्यायची पद्धत पडली आहे, ती आपण डबा नेला की थांबते. एका घराच्या वर्षाच्या चटणीत मसाल्याची वीस-पंचवीस पाकिटं वाचतात.

घरात आधीच असलेले प्लास्टिकचे डबे फेकून देऊन स्टीलचे आणू नका. तो नवा कचरा झाला. त्यांत शेंगदाणे, पोहे, साबण, शिवणाचं सामान ठेवा. गरम आणि आंबट पदार्थ तेवढे त्यांतून काढा.

पालेभाजी फ्रिजमध्ये प्लास्टिकशिवाय टिकत नाही असं वाटतं, पण टिकते. मेथी-कोथिंबीर निवडून, धुऊन, पाणी पूर्ण निथळू द्या, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. फडकं दोन दिवसांनी बदला. आठवडाभर हिरवी राहते.

कचऱ्याच्या बादलीतली पिशवी

ही पिशवी आपण विकतही घेतो आणि रोज फेकतोही. ती लागते कारण बादलीत ओलं जातं. ओला कचरा वेगळा झाला की कोरड्या बादलीला पिशवी लागतच नाही. ओल्या बादलीत तळाशी दुहेरी वर्तमानपत्र, कडा बाहेर दुमडलेल्या. रोज सकाळी कागदासकट घंटागाडीच्या ओल्या कप्प्यात टाका आणि बादली विसळा.

खत करता आलं तर आणखी चांगलं. जुन्या बादलीला तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, तळाशी नारळाच्या शेंड्या, मग ओला कचरा आणि वाळका पाला निम्मे-निम्मे, वर मूठभर माती किंवा आंबट ताक शिंपडलेलं जुनं खत. आठवड्यातून दोनदा ढवळा. वास आला तर ओलं जास्त झालं, पाला वाढवा. दीड-दोन महिन्यांत खत होतं. मटणाची हाडं आणि मासे यात घालू नका, उंदीर येतात.

सॅनिटरी पॅडमध्येही प्लास्टिक असतं. कापडी पॅड किंवा मासिक पाळीचा कप हे पर्याय ज्यांना सोयीचे आहेत त्यांनी घ्यावेत, कुणावर सक्ती नको. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा, म्हणजे हातानं कचरा निवडणाऱ्या बाईला ते उघडावं लागणार नाही.

मोरी, प्रवास, शाळा

इथं फार काही नाही. शांपूच्या पुड्यांऐवजी वडी किंवा शिकेकाई-रिठा, द्रव साबणाऐवजी वडीचा साबण, भांड्याला प्लास्टिकच्या घासणीऐवजी नारळाचा काथ्या किंवा वाळलेल्या दोडक्याची जाळी. दोडका वेलावरच वाळू द्यायचा, साल काढली की वर्षभराच्या घासण्या मिळतात. बाहेर जाताना स्टीलची पाण्याची बाटली. जूनमध्ये पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर घालण्याऐवजी मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेची जाड पानं वापरा. मुलांना ती आवडतात, कारण कोरी बाजू वर ठेवून त्यावर चित्रं काढता येतात.

देवळात आणि कार्यात

अंबाबाईच्या ओटीचं साहित्य महाद्वार रोडवर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळतं. नारळ, खण, तांदूळ घरून परडीत किंवा खणाच्याच घडीत न्या. फुलं केळीच्या पानात घ्या. नदीवर निर्माल्य नेताना हाराचा दोरा, जर, प्लास्टिकची फुलं आधी काढा. निर्माल्यकुंडात प्लास्टिक मिसळलं की सगळं निर्माल्य वाया जातं. थर्माकोलची मखरं बंद झाली आहेत, तेव्हा गणपतीला कापडाचे पडदे आणि केळीचे खुंट लावा. दरवर्षी तेच पडदे चालतात.

घरच्या कार्याला पत्रावळी घेताना ती पालटून पाहा. चांदीसारखी चमक असेल तर वर प्लास्टिकचा थर आहे. पळसाच्या किंवा सालाच्या पानांच्या घ्या, ओल्या जेवणाला द्रोण दुहेरी. पाण्यासाठी दोनशे मिलीच्या बाटल्या मुळीच नकोत. पन्नास माणसांना पाण्याचे दोन-तीन जार आणि भाड्याचे स्टीलचे पेले पुरतात. पेले धुणाऱ्या बाईंना पैसे द्या. बाटल्यांच्या खर्चात ते सहज बसतात.

जे उरतं त्याचं काय करायचं

सगळं करूनही काही येतंच. बाटलीच्या किंवा डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या, २ म्हणजे शांपूच्या, फिनेलच्या जाड बाटल्या, ४ म्हणजे दुधाच्या पिशवीसारखं पातळ प्लास्टिक, ५ म्हणजे जेवणाचे पार्सल डबे. हे चारही स्वच्छ आणि कोरडे असतील तर भंगारात जातात. ३ आणि ६ ला गिऱ्हाईक अवघड. वेफर-बिस्किटाच्या चकचकीत पुड्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करता येत नाहीत. तो पुडा कमी घेणं एवढाच उपाय. मुलांसाठी आम्ही भडंग घरी करतो, आणि बाहेर गेलो तर सुटं भडंग डब्यात घेतो.

बाटलीत पुडे कोंबून विटा करायचं चलन आलं आहे. शाळेत मुलांना कचरा किती होतो ते दाखवायला ठीक आहे. घरात मात्र त्यामुळं पुडे घेणं कमी होत नाही, उलट बाटली भरायची आहे म्हणून बरं वाटतं. मी ते सोडून दिलं.

आणि बंबात प्लास्टिक घालू नका. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत अजून अंघोळीचं पाणी बंबात तापतं, आणि पावसाळ्यात लाकडं ओली असली की पेटवणाला दुधाची पिशवी किंवा जुना टायर घालतात. प्लास्टिक उघड्यावर कमी तापमानात जळताना विषारी वायू आणि काजळी सोडतं. त्यात पाइपचे, चपलांचे तुकडे असतील तर डायऑक्सिनसारखी घातक द्रव्यंही निघतात. बंब पेटवणारी बाई तो धूर रोज पहाटे छातीत घेते. पेटवणाला नारळाच्या शेंड्या आणि वाळलेल्या करवंट्या उन्हाळ्यातच पोत्यात भरून माळ्यावर ठेवा. आमच्या सासूबाईंना हे पटायला एक पावसाळा लागला. त्यांचा खोकला पुढच्या वर्षी कमी झाला, तेव्हा त्या स्वतःच शेंड्या साठवायला लागल्या.

पावसाळ्यात अडतं, त्याची तयारी

जूनपासून कापडी पिशव्या वाळत नाहीत, कुबट वास येतो, आणि इथंच बहुतेक घरं पुन्हा कॅरीबॅगेवर येतात. मेमध्येच पिशव्यांची संख्या दुप्पट करा. पावसात जाताना कापडी पिशवीऐवजी झाकणाचे डबे आणि बादली न्या. स्टीलची बादली डिकीत बसते आणि भाजी भिजत नाही. जुन्या छत्रीचं कापड उसवून त्याच्या दोन पिशव्या शिवा. आठ पाकळ्यांतून दोन चांगल्या होतात, त्यावरून पाणी ओघळून जातं आणि त्या रात्रीत वाळतात. कुबट वास आलेल्या कापडी पिशव्या कढत पाण्यात चमचाभर सोडा घालून भिजवा आणि स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला टांगा.

दर तीन महिन्यांनी तो पहिल्या आठवड्याचा हिशेब पुन्हा करा. तेच पोतं, तेच ढीग, दिनदर्शिकेत तसेच आकडे. आमच्या दुधाच्या पिशव्या आठवड्याला २८ वरून ४ वर आल्या. त्या चार गवळी न येण्याच्या दिवशीच्या. चकचकीत पुड्यांचा ढीग मात्र अजून हलत नाही. या दिवाळीनंतर मुलांना सोबत बसवून आधी तोच मोजायचा ठरवलं आहे.